ऊस नोंद कोणाच्या दप्तरात?

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर आम्ही दर अंकी खोडव्याचे पाचट, हुमणी, बेणे बदल, ठिबकमधून खते असे विषय घेत असतो. या वेळचा विषय त्या मालिकेत बसणारा नाही. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, काटा आणि बिल ही चारही कामे ज्या संगणक प्रणालीवर चालतात ती बदलण्याचे आपल्या कारखान्याने ठरविले आहे. तीन ठिकाणची दरपत्रके आली आहेत. संचालक मंडळाने शेतकी खात्याचा अभिप्राय मागविला आहे. तो देण्यापूर्वी सभासदांशी बोलावे असे आम्हांस वाटते, कारण मागच्या खेपेस आम्ही बोललो नाही. त्या खेपेस अभिप्राय आमचाच होता, आणि तो चुकला होता. ते आधी सांगतो.

सन २०२२ च्या आडसाली हंगामात नोंदी मोबाईलवर घेण्याचे ठरले. कंपनीचे दोन तरुण आले, पडद्यावर नकाशे दाखविले, हिरवे-पिवळे प्लॉट दाखविले. आम्ही भारावून गेलो हे कबूल करतो. दर कमी होता, दाखविणे छान होते. पहिल्या वर्षी गट कार्यालयांतून नोंदीच्या याद्या जमल्या, त्या एक्सेलमध्ये भरल्या आणि कंपनीकडे पाठविल्या. त्यांनी त्या आपल्या प्रणालीत घेतल्या. काम झाले म्हणून आम्हीही निर्धास्त झालो.

पुढे गळीत हंगाम २०२३-२४ सुरू झाला आणि जानेवारीअखेर एक भगिनी आमच्या कार्यालयात आल्या. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, शेती त्या स्वतःच बघतात. म्हणाल्या, "साहेब, माझ्या दोन्ही बांधांचा ऊस गेला, माझाच उभा. तुरं आल्यात त्याला. चिठ्ठी कधी?" आम्ही पडद्यावर पाहिले. त्यांची लागण तारीख ७ डिसेंबर २०२२ दिसत होती, म्हणून पाळी सुरूच्या उसाबरोबर लागली होती. आम्ही तसे सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "आषाढीची बारस सोडली आन् दुसऱ्या दिवशी बेणं टाकलं. तुमच्या मोबाईलला एकादशी कळत नाय व्हय?"

२०२२ साली आषाढी एकादशी १० जुलैला होती. बारस ११ ला, लागण १२ ला. आपण लिहितो १२/०७/२०२२, म्हणजे १२ जुलै. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे तीच तारीख तिकडे ७ डिसेंबर होते. कंपनीच्या संगणकावर अमेरिकन पद्धत लावलेली होती. झाले ते एवढेच.

पण यातली खरी मेख पुढे आहे. महिने बाराच असल्याने १३ तारखेपासून पुढच्या तारखा उलटत नाहीत. १३/०७ चा अर्थ १३ जुलै एवढाच होऊ शकतो, कारण तेरावा महिना नाही. म्हणजे १३ ते ३१ जुलैची लागण बरोबर राहिली आणि १ ते १२ ची, ७ तारीख सोडून, विस्कटली. ज्याने १ जुलैला लागण केली त्याची तारीख झाली ७ जानेवारी, तो सहा महिने पुढे गेला. ज्याने १२ ला केली तो पाच महिने मागे पडला. सगळ्यांचेच बिघडले असते तर आठ दिवसांत कळले असते. थोड्यांचे बिघडले, म्हणून कळले नाही. उलट गावोगावी चर्चा झाली ती वशिल्याची. 'अमक्याचा ऊस आधी गेला, चिटबॉय त्याच्या पाहुण्यातला' असे बोलले गेले. आमच्या गटाच्या पोरांनी विनाकारण शिव्या खाल्ल्या. एका कर्मचाऱ्याने तर बदली मागितली.

त्या भगिनींचा ऊस आम्ही तातडीने टोळी लावून तोडला, तरी फेब्रुवारी उजाडलाच. तुऱ्याने शेंड्याकडची कांडी पोकळ झाली होती, वजन घटले होते. त्याची भरपाई बिलातून करता येत नव्हती. आम्ही त्यांच्या घरी जाऊन चूक आमची आहे असे सांगितले. त्यांनी चहा दिला. त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत, हे आम्हांला जास्त लागले.

आता विचार करा. 'हंगाम: आडसाली' असे नोंदीत लिहिलेले आहे आणि लागणीची तारीख डिसेंबरची आहे. आडसाली लागण जुलै ते मध्य ऑगस्ट, पूर्वहंगामी मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर, सुरू मध्य डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी. हे नव्या चिटबॉयलाही ठाऊक असते. आडसाली ऊस आणि तारीख डिसेंबर म्हटल्यावर तो 'असं कसं?' म्हणून विचारील. प्रणालीने विचारले नाही, कारण ती बनविणाऱ्यांपैकी कोणी उसाच्या रानात पाय ठेवला नव्हता. म्हणून या वेळी आमची पहिली परीक्षा साधी आहे. जो कोणी प्रणाली दाखवायला येईल त्याच्यासमोर आम्ही मुद्दाम चुकीच्या नोंदी भरणार. एकाच गट नंबरवर दोन सभासद, सात-बाऱ्यावर ४० गुंठे असताना ६० गुंठ्यांची नोंद, आडसालीला डिसेंबरची तारीख. जी प्रणाली निमूट गिळते ती नको, जी अडविते तिच्याशी पुढे बोलू. नकाशे मागाहून बघू.

चूक सापडल्यावर दुसरा धडा मिळाला, तो जास्त महागाचा होता. आम्ही कंपनीला म्हटले, आमच्या सगळ्या नोंदी आम्हांस परत द्या, ताळा करून घेतो. उत्तर आले की नोंदी पडद्यावर पाहता येतील, पण एकत्र काढून देण्याचे काम वेगळे, त्याचा आकार वेगळा. करार काढून पाहिला. नोंदींची मालकी कोणाची, परत कशा स्वरूपात द्यायच्या, किती दिवसांत द्यायच्या, यावर त्यात एक ओळ नव्हती. ऊस सभासदाचा, रान सभासदाचे, नोंद घेणारा माणूस कारखान्याच्या पगारावरचा, आणि दप्तर मात्र दुसऱ्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या कमरेला. अखेर गटागटांतल्या कागदी नोंदवह्यांवरून आम्ही ताळा केला. त्या वह्या बंद करण्याचा आदेश आदल्या वर्षी आम्हीच काढला होता. दोन गटांनी तो मानला नव्हता हे आमचे नशीब. बाकी गटांत पावत्यांची स्थळप्रत शोधावी लागली.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्या कारखान्याचे ऊसबिल वीस वर्षे फॉक्सप्रो नावाच्या प्रणालीवर चालले. आपल्याच संगणक विभागातल्या एका कर्मचाऱ्याने ते काम केले होते. काळा पडदा, पांढरी अक्षरे, शोभा काही नाही. पुढे ते गृहस्थ निवृत्त झाले. मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०१५ मध्ये फॉक्सप्रोचा सांभाळ थांबविला. पण गंमत अशी की त्या काळातल्या नोंदी आजही उघडतात. त्यांच्या फायलींची रचना सर्वांना माहीत असलेली होती, त्यामुळे लिब्रे ऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतही त्या सरळ वाचता येतात. प्रणाली मेली, दप्तर जगले. याच्या उलट आमच्याच खात्यात माती परीक्षणाचे जुने अहवाल मराठीत टंकलेले आहेत. ते ज्या फॉन्टमध्ये आहेत तो फॉन्ट आता कोणाकडे नाही. उघडले की किड्या-मुंग्यांसारखी अक्षरे दिसतात. त्या काळी प्रत्येक फॉन्टवाल्याची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी असे. आज युनिकोड सर्वत्र आहे, पण म्हणून जुने आपोआप सुधारत नाही. आपल्याच रानातल्या मातीचा अहवाल आपल्याला वाचता येऊ नये, याला काय म्हणावे?

हे सर्व आम्ही एका सभासदाला समजावीत होतो, तेव्हा त्यांनी एका वाक्यात मोडून सांगितले. "म्हणजे साहेब, बेणं आन् हायब्रीड." बरोबर आहे. को ८६०३२ चे किंवा फुले २६५ चे बेणे एकदा रानात आले की ते तुमचे. बेणेमळा करा, भावकीला द्या, पुन्हा लावा, कोणी हरकत घेत नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातले बियाणे ठेवावे, पेरावे, वाटावे हा हक्क तर २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे. संकरित मक्याचे तसे नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दुकानात जावे लागते आणि दर दुकानदाराचा असतो. संगणक प्रणालीतही हे दोन्ही प्रकार आहेत. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीची चळवळ सुरू केली. प्रणाली कोणीही वापरावी, आत काय आहे ते पाहावे, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, असा तिचा परवाना असतो. मुंबईच्या फ्राप्पे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही हिशेबाची प्रणाली अशाच परवान्याखाली मिळते. आलेल्या तीन दरपत्रकांपैकी एक तिच्यावर आधारलेले आहे.

मात्र मुक्त म्हणजे फुकट अशी समजूत करून घेऊ नका. बेणे शेजाऱ्याने नुसते दिले तरी सरी, खत, पाणी आणि भांगलण चुकत नाही. मुक्त प्रणाली घेतली तर ती सांभाळणारी दोन माणसे कारखान्याला पगारावर ठेवावी लागतील, आणि त्यातला एक सोडून गेला तर दुसऱ्याला सर्व माहीत हवे. फॉक्सप्रोच्या वेळी आपण एकाच माणसावर विसंबलो होतो. तालुक्यातल्या होतकरू मुलाला काम द्यावे असा आग्रह काही सभासदांचा आहे. भावना चांगली आहे, आमचीही तीच आहे. पण तो मुलगा उद्या पुण्याला मोठ्या नोकरीवर गेला तर काय, हे करारात लिहिल्याशिवाय भावनेवर काम देऊ नये.

काट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सभासदांचा सर्वांत जास्त संशय तिथे असतो. काट्याची पडताळणी वैधमापन खात्याकडून दरवर्षी होते, त्यावर शिक्का असतो. पण काट्याने दाखविलेला आकडा पुढे संगणकात जातो, तिथे शिक्का नसतो. समजा काटा ५ किलोच्या फरकाने वजन दाखवितो. भरलेल्या वाहनातून रिकामे वाहन वजा जाता निव्वळ ऊस आला १८.४३५ टन. प्रणालीने दोनच दशांश स्थळे ठेवली आणि शेवटचा आकडा कापला, तर पावतीवर येणार १८.४३. गेले ५ किलो. दुसऱ्या खेपेत शेवटी शून्य असेल तर काही जाणार नाही. म्हणजे सरासरी अडीच किलो एका खेपेमागे. सहा लाख टन गाळपाला १५ टनांची खेप धरली तर ४०,००० खेपा होतात, आणि अडीच किलोप्रमाणे १०० टन ऊस कोणाच्याच नावावर राहत नाही. टनाला ३,००० रुपये धरले तरी तीन लाख रुपये झाले. एका सभासदाच्या दृष्टीने ही रक्कम पान-तंबाखूची आहे. पण विश्वासाच्या बाबतीत तसे नाही. यात कोणी लबाडी केली असेलच असे नाही, प्रणाली लिहिणाऱ्याने दोन दशांश पुरेत असे समजून लिहिले असेल. म्हणून काट्यापासून बिलापर्यंत आकडा कुठे कापला जातो, कुठे जवळच्या अंकाला नेला जातो, हे लेखी मागावे असे आम्ही सुचविले आहे. आत काय चालते ते दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून काट्याची प्रणाली घेऊ नये, मग तो कितीही मोठा असो.

बिलाचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे अशी होती. १२ टक्के उतारा धरून हिशेब केला तर ४१५ रुपये ५५ पैसे येतात, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हा हिशेब कोणताही सभासद कागदावर करू शकतो. प्रणालीने छापलेल्या बिलावरून त्याला तो जुळविता आला पाहिजे. नुसता 'इतर कपात' असा एक आकडा छापणारी पावती आम्ही पसंत करणार नाही. आणि एक लक्षात ठेवावे, ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यावयाचे असतात. 'सर्व्हर बंद होता' ही सबब त्यात बसत नाही.

सर्व्हर बंद पडतो का? पडतो. ३१ जुलै २०२४ च्या सुमारास सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे पैसे पाठविण्याचे व्यवहार काही काळ थांबवावे लागले. त्या बँकांचा स्वतःचा काही दोष नव्हता. त्याच महिन्यात १९ तारखेला एका सुरक्षा प्रणालीची सदोष दुरुस्ती जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आपल्या यार्डात ऐन जानेवारीत दोनशे वाहने उभी आहेत आणि काट्याची प्रणाली हैदराबादहून की सिंगापूरहून चालते म्हणून बंद, असे चित्र आम्हांला नको. इंटरनेट गेले तरी काटा चालला पाहिजे, पावती छापली पाहिजे, नोंद मागाहून वर गेली तरी चालेल. रोजच्या नोंदींची एक प्रत कारखान्याच्या आवारात आणि एक आवाराबाहेर राहिली पाहिजे.

आता सभासदांच्या खाजगी माहितीविषयी. नोंद करताना आपण आधार, बँक खाते, मोबाईल, सात-बारा देता. मागच्या प्रणालीच्या काळात अनेकांना खते-औषधे विकणाऱ्यांचे फोन येऊ लागले, 'तुमचा खोडवा अमुक गटात आहे ना' असे विचारणारे. माहिती त्या प्रणालीतून गेली असे आम्ही सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसा आरोप करीत नाही. पण गेली नसेल असेही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. माहिती ज्याने आपल्या कामासाठी गोळा केली जबाबदारी त्याची, असे हा कायदा म्हणतो. म्हणजे कारखान्याची. कंपनीकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. माहिती कशासाठी घेतली हे सभासदाला मराठीतही सांगण्याची सोय ठेवावी लागणार आहे. आमचे मत असे की नोंदीला आधारची पूर्ण प्रत घेण्याचे मुळात कारणच नाही. खातरजमा करावी, कागद परत द्यावा. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही.

आम्ही नव्याच्या विरोधात आहोत असा ग्रह कृपया करून घेऊ नये. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. उपग्रहाची चित्रे, जमिनीतले ओलावा मोजणारे संवेदक आणि हवामान यांचा मेळ घालून पाणी-खताचा सल्ला देतात. कल्पना उत्तम आहे, पाणी वाचले तर सर्वांचाच फायदा. आमचा प्रश्न इतकाच की असा सल्ला देणाऱ्या कोणत्याही सेवेला आपण आपल्या रानाची माहिती देतो तेव्हा ती पुढे कोणाकोणाला दिसते. कोणाच्या रानात किती टन ऊस उभा आहे हे हंगामाआधी कळणे म्हणजे बाजारात मोठी सत्ता आहे. ती माहिती सावकाराला, विमा कंपनीला, गुऱ्हाळवाल्याला कोण देतो आणि कोणाच्या परवानगीने, हे आधी ठरावे.

तोडणी यंत्राचे मालक असलेल्या सभासदांसाठी जाता जाता एक सूचना. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या आतल्या संगणकाला कुलूप असल्याने शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र दुरुस्त करता येईना, म्हणून कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर दावा लावला. आपल्याकडे यंत्र घेताना विक्रेत्याला विचारा की बिघाडाचा संकेत कोण वाचू शकतो, तालुक्यातला मेकॅनिक की फक्त कंपनीचा माणूस. हंगामात चार दिवस यंत्र उभे राहिले तर हप्ता उभा राहत नाही.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा फोनच नाही, असे सभासद आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाले. घरातला मोठा फोन मुलाकडे असतो आणि मुलगा गावात नसतो. तोडीचा संदेश पुण्यातल्या मुलाला मिळतो आणि बांधावर टोळी आल्यावर आईला कळते. त्यामुळे कागदी पावती आणि गट कार्यालयाच्या फळ्यावरची यादी या दोन गोष्टी कोणतीही प्रणाली आली तरी बंद होणार नाहीत, असे आम्ही लेखी मागितले आहे. आपल्या गटकर्मचाऱ्यांचेही एक म्हणणे आहे. फोनवरून त्यांचा ठावठिकाणा रात्रीसुद्धा नोंदला जात होता. कामाच्या वेळेत बांधावर गेला की नाही हे बघणे ठीक, पण तो रात्री कोणाच्या लग्नाला गेला हे कारखान्याला कशाला हवे? ते बंद करण्याची अट घातली आहे.

तिन्ही प्रणाली सभासदांसमोर दाखविण्याची तयारी कंपन्यांनी दर्शविली आहे. दिवस व वेळ प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर लागेल. येताना आपली मागील हंगामाची एक वजन पावती, एक बिल आणि लागण तारीख लिहिलेली वही किंवा दिनदर्शिका बरोबर आणावी. त्याच नोंदी तिथे भरून पाहू. ज्यांच्या २०२२ च्या आडसाली नोंदी १ ते १२ तारखेच्या होत्या त्यांनी आपल्या प्लॉटच्या खोडव्याची नोंद एकदा तपासून घ्यावी, कारण काही ठिकाणी जुनी चूक पुढे चालत आल्याचे अजून सापडते आहे. दुरुस्तीसाठी अर्जाची गरज नाही, गटात तोंडी सांगितले तरी चालेल. त्या भगिनींनाही आम्ही निरोप दिला आहे. येते म्हणाल्या, दिनदर्शिका घेऊन.